पाळी आणि तिसरा माणूस



गिरणी कामगारांचे पुढारी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ बोलायला उभे राहिले की रविवारबद्दल बोलावे अशी अपेक्षा असते. तसे बोलणे सोपेही आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी २४ एप्रिलला दहाएक हजार कामगारांची सभा झाली होती आणि तिच्यात दोन बायका उठून बोलल्या होत्या. ही हकिगत दरवर्षी कोणी ना कोणी सांगतोच. त्या दोन बायकांचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा गाळला जातो, म्हणून तेवढा मी आवर्जून केला. आज मला उरलेल्या सहा दिवसांबद्दल बोलायचे आहे. त्या सहा दिवसांचे तास मोजण्यासाठी मराठी माणसाने जो शब्द वापरला, त्याबद्दल. तो शब्द म्हणजे पाळी.

आता सभागृहात थोडी चुळबुळ होणार, हे गृहीत धरले आहे. हल्ली पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत हा शब्द कोणी कामाच्या संदर्भात उच्चारत नाही. तिथे ‘शिफ्ट’ म्हणतात. ‘माझी पाळी आठला संपते’ असे कोणी म्हटले तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा संगणकाच्या पडद्याकडे जास्तच लक्षपूर्वक पाहू लागेल. मासिक पाळीच्या अर्थाने बाकीचे अर्थ मागे सारले आणि तो अर्थही लोकांना चारचौघांत नकोसा वाटतो, त्यामुळे शब्दच मागल्या दाराने बाहेर गेला. मी तो दोन्ही अर्थांनी वापरणार आहे. पुढे एका ठिकाणी हे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या अंगावर येतात, तिथे आपल्याला जायचेच आहे.

गिरणीच्या आधी पाळी होती ती गावात. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. मुंबईतली पहिली कापड गिरणी, कावसजी दावर यांची, १८५६ मध्ये चालू झाली. तेव्हा कोशातल्या पाळीला कापसाचा धुरळा लागलेला असण्याची शक्यता नाही. त्या काळी पाळी म्हणजे क्रमाने येणारा हक्क किंवा क्रमाने येणारे ओझे. तुळजापूरला भवानीच्या पूजेचा हक्क घराण्याघराण्यांत पाळीने फिरतो, म्हणून पाळीकर पुजारी. कालव्याच्या पाण्याला शेजपाळी. पाटाच्या कडेची शेते शेजाराच्या क्रमाने भिजत जायची आणि रात्री दोनला आपला क्रम आला तर दोनला फावडे घेऊन उभे राहायचे. चुकलात तर पाणी पुढे गेले, मग पुढच्या आवर्तनापर्यंत थांबा. त्याच शब्दाची आणखी एक छटा आहे. ‘काय ही पाळी आली माझ्यावर’ असे आपण म्हणतो, तेव्हा आलेली गोष्ट कधीच चांगली नसते. पूजेची पाळी येते आणि भीक मागायचीही पाळी येते. भाषेने दोन्हींना एकच क्रियापद दिले आहे.

गावातली सगळ्यांत जड पाळी होती येसकर-पाळी. महारवाड्यातल्या घरांमध्ये गावकामाची पाळी फिरे. ज्याची पाळी असेल त्याने चावडीवर हजर राहायचे, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचे, साहेबाचा मुक्काम असेल तर त्याची सरबराई करायची, मेलेले ढोर ओढायचे आणि गावाची हाक येईल तेव्हा ‘जी’ म्हणायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांच्या आक्षेपाचा गाभाच हा होता की या माणसाचे काम कोणते, हे ठरलेले नाही आणि ते केव्हा संपते, हेही ठरलेले नाही. तो चोवीस तास सरकारचा चाकर. तो घरी नसला तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला धरून नेत. मोबदला मात्र दोन-चार आणे उत्पन्नाची इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते.

इथे एक गोष्ट नीट पाहा. येसकराला पाळी होती, पण तिला तास नव्हते. कोणी करायचे हे ठरलेले होते, कुठवर करायचे हे नव्हते. गिरणीत नेमके उलट झाले. तिथे आधी तास आले आणि पाळी फार उशिरा आली.

पहिली पन्नासेक वर्षे मुंबईच्या गिरण्यांत पाळीच नव्हती. सूर्य होता. उजाडताना भोंगा आणि अंधारताना सुट्टी. दिवस हिवाळ्यात आखूड, उन्हाळ्यात लांब, म्हणून वैशाखात कामगार पौषापेक्षा दोन-अडीच तास जास्त राबायचा आणि मजुरी त्याची वेगळी मिळायची नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो मुलांपुरता. सातच्या आतल्या मुलाला कामावर घेऊ नये, बारापर्यंतच्या मुलाला नऊ तासांहून जास्त राबवू नये, एवढेच. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल तो कायदा चकार शब्द काढत नाही. या पार्श्वभूमीवर १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. अपघात झाला तर भरपाई.

तिसरी मागणी मला फार बोलकी वाटते. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने. सकाळच्या टोकाला त्यांना आकडा हवा होता, कारण पहाटेचा अंधार मालक खात होता. संध्याकाळच्या टोकाला आकड्याची गरज वाटली नाही, कारण अंधारात साचा, म्हणजे माग, चालवता येत नाही हे मालकालाही मान्य होते. तो तेवढा भरवसा वीस वर्षांनी गेला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची हद्द पुसली. काही गिरण्यांत दिवस पंधरा तासांचा झाला. कामगार रस्त्यावर आले, दगडफेक झाली. दिव्याचा शोध म्हटला की आपल्याला अभ्यास करणारा मुलगा आठवतो. परळ-लालबागच्या आठवणीत त्या दिव्याने आधी रात्र पळवली.

त्याच दिवसांत घड्याळही हलले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. म्हणजे गिरणीचा काटा पुढे सरकला आणि कामगाराला तेवढे आधी उठावे लागले, सूर्य होता तिथेच होता. जानेवारीतच काही गिरण्यांत यावरून दंगा झाला. मुंबई महापालिकेने पुढे आपली घड्याळे जुन्या मुंबई वेळेवरच ठेवली आणि १९५० पर्यंत ठेवली. या प्रकरणाकडे लोक राष्ट्राभिमानाची गमतीदार गोष्ट म्हणून पाहतात. पालिकेतले पुढारी सर फिरोजशहा मेहता यांच्या बाजूने ती तशी असेलही. पण ज्याच्या पायात वहाणा नाहीत आणि घरात घड्याळ नाही, त्याच्या दृष्टीने ३९ मिनिटे म्हणजे त्याच्या झोपेतली ३९ मिनिटे.

कायद्याची पुढची वाट मी भराभर सांगतो, कारण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. १८९१ मध्ये बायकांसाठी दिवसाला अकरा तास आणि सर्वांना आठवड्याची सुट्टी. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या तासांवर पहिल्यांदा मर्यादा आली, बारा तास. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला, आणि त्याच करारात भारतासाठी वेगळे कलम घालून इथे ६० तास चालतील असे म्हटले. १९२२ च्या कायद्याने ते ६० लागू केले. १९३४ मध्ये ५४ झाले आणि हंगामी कारखान्यांना ६० राहिले. १९४६ मध्ये ४८ आले, हंगामींना ५०. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते आणि ही दुरुस्ती त्यांच्या खात्याची. त्यांनी चौदा तासांचे आठ तास केले असे भाषणांतून नेहमी ऐकू येते. कायद्याच्या पुस्तकातला आकडा ५४ वरून ४८ वर आला, हे सांगितल्याने त्यांचे काम रतिभर कमी होत नाही. उलट सहा तासांसाठी किती कागद लढवावे लागतात, हे समजते. १९४८ च्या कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेदही काढला.

पण आठ तास कायद्यात लिहिले म्हणून गिरणीत आले, असे मला वाटत नाही. माझ्या मते ते आले तिसऱ्या माणसामुळे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाला मागणी वाढली आणि गिरण्या चोवीस तास चालू लागल्या. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. साडेतीनच्या भोंग्याला दुसऱ्या पाळीचा साचेवाला येऊन साच्याजवळ उभा राहिला की पहिल्याला जावेच लागे. तो थांबतो म्हणाला तरी त्याला जागा नव्हती. मुकादमाला त्याच्याकडून पाऊण तास उकळायचा मोह झाला तरी तो उकळायचा कोणत्या साच्यावर? साचा तर दुसऱ्याच्या हाती गेलेला. कामाच्या तासांना कुंपण घालण्याची ताकद जितकी कायद्यात होती तितकीच, किंबहुना जास्त, त्या समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसात होती. गिरणगावात ‘पाळी सुटली’ असे म्हणायचे. ती सोडवायला कोणीतरी आलेला असायचा.

हे येसकराच्या पाळीत नव्हते. तिथे एक घर सुटून दुसरे अडके, पण दिवसाच्या आत कोणी कोणाला सोडवायला येत नसे.

तीन पाळ्यांनी सारा गिरणगाव घडवला. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांची गावकीची खोली असायची. दहा बाय बाराच्या जागेत वीस-वीस, तीस-तीस माणसे कशी मावत, असे नव्या पिढीला कोडे पडते. ती एका वेळी मावतच नव्हती. पाळीवर मावत होती. पहिली पाळीवाले बाहेर पडायचे तेव्हा रातपाळीवाले वळकटी सोडायचे. गॅलरीत दुपारी पोरांनी दंगा केला तर आतून आवाज यायचा, ‘ए, रातपाळी झोपलीय.’ माणूस झोपलाय असे नाही म्हणायचे, रातपाळी झोपलीय. भजन कोणत्या वारी, कबड्डीचा सराव केव्हा, मंडळाची सभा किती वाजता, हे सगळे पाळी पाहून ठरे. आठवड्याने पाळी बदलली की दोन सख्खे भाऊ एका खोलीत राहून आठ-आठ दिवस एकमेकांना जागेपणी भेटत नसत.

आणि दरवाजावर उभा असे बदली. कायम कामगार खाडा करेल, आणि त्याच्या जागी आज आपले नाव पुकारले जाईल, या आशेने भोंग्याआधी येऊन थांबणारा. पूर्वी कोणाला आत घ्यायचे ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे आणि त्याची किंमत असे. १९३५ मध्ये बदली कार्डाची पद्धत आली आणि त्याला थोडा तरी चाप बसला. तरी बदलीचे आयुष्य दुसऱ्याच्या खाड्यावर उभे होते. एकाला ताप आला की दुसऱ्याच्या घरी चूल पेटायची. काही जण दहा-पंधरा वर्षे बदलीच राहिले आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर तर दरवाजाच बंद झाला. त्या संपावर पुष्कळ बोलले गेले आहे. मी आज त्यात शिरत नाही.

मला शिरायचे आहे ते खानावळीत. गिरणगावातल्या एकट्या पुरुषांना जेवायला घालायच्या त्या तिथल्याच बायका. नवरा गिरणीत किंवा गिरणीतून निघालेला, घरात एक स्टोव्ह, आणि दहा-पंधरा जेवणारे. आता हिशेब करा. पहिली पाळीवाल्याला सातच्या आत डबा. दुसरी पाळीवाला साडेतीनला आत जातो, त्याला दुपारी ताट आणि रात्रीचा डबा. रातपाळीवाला संध्याकाळी उठतो, त्याला तेव्हा जेवण. मधे आपल्या पोरांच्या शाळा आणि नळाचे पाणी, तेही पहाटे. तीन पाळ्या जेवल्या आणि रांधणारी मात्र एकच. तिला सोडवायला कोणी येत नव्हते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकारापासून सुटका झाली, ही मोठी गोष्ट झाली. तासांची सुटका त्या कर्जातही नव्हती, आणि कशी असणार? तिला कामगार म्हणायचे, हेच अजून कोणी ठरवले नव्हते.

आपण गिरणीच्या तीन पाळ्यांचे कौतुक करतो आणि ते करायलाही हवे. फक्त त्यांच्या पायाशी एक बिनपाळीची चूल होती, एवढे मला नोंदवायचे आहे. बायकांना रातपाळी १९११ पासूनच बंद होती. कायद्याचा हेतू संरक्षणाचा होता असे म्हणतात, आणि काही अंशी असेलही. परिणाम असा झाला की गिरणी चोवीस तास चालू लागल्यावर बायका गिरणीला गैरसोयीच्या ठरल्या. रातपाळीला न चालणारा कामगार मालकाला नको होता. वायंडिंग, रीलिंग खात्यांतून त्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली. गिरणीतून बाहेर पडलेल्या कितीतरी जणी पुढे खानावळी चालवू लागल्या. रात्री काम करायची बंदी होती ती गिरणीत. स्टोव्हला बंदी नव्हती.

आता मघाशी म्हटलेल्या ठिकाणी येऊ. आपल्या राज्यात आजही तीन पाळ्या पाहायच्या असतील तर गळीत हंगामात कोणत्याही साखर कारखान्यावर जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की तो मार्चपर्यंत विझत नाही. मिल, बॉयलिंग हाउस, प्रयोगशाळा, सगळीकडे आठ-आठ तासांच्या पाळ्या. भोंगा होतो, माणसे बदलतात, हजेरी लागते. कारण उघड आहे. तुटलेला ऊस पडून राहिला की साखर उतारा घटतो, म्हणून गाळप थांबवता येत नाही. आणि गाळप थांबवता येत नाही म्हणून माणसे बदलावी लागतात.

कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीबाहेर याच कारणाचा उलटा अर्थ लागतो. गाळप थांबवता येत नाही म्हणून तिथला माणूस बदलत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडून आलेले तोडणी कामगार मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आलेले असतात. करार होतो तो कोयत्याशी, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसे मिळून एक कोयता, आणि पैसे टनावर. पहाटे अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, पाला काढायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. ट्रक रात्री अकराला आला तर भरायला रात्री अकराला. त्यानंतर बाईची चूल, पाणी, लेकरे. तोडणीचे दर तोडणी कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात बोलणी होऊन ठरतात. २०२४ च्या जानेवारीत ते ३४ टक्क्यांनी वाढले. वाढ दर टनामागे झाली. तासांचा त्या बोलण्यांत प्रश्नच येत नाही, कारण कायद्याच्या नजरेने हे कारखान्याचे कामगारच नाहीत, मुकादमाची माणसे आहेत.

या फडात खाडा हा शब्द गिरणीतलाच आहे, अर्थ मात्र फिरला आहे. गिरणीत खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाई आणि बदलीला काम मिळे. इथे खाडा केला तर मजुरी तर जातेच, वर दंड बसतो आणि तो उचलीत चढतो. जोडीतला एक थांबला की अख्खा कोयता थांबला. मग महिन्याचे ते चार दिवस, अंगावरून जाणे, कंबर धरणे, फडात आडोसा नाही, पाणी नाही, राहायच्या कोपीवर मोरी नाही, आणि प्रत्येक खाड्याला दंड. बीडमधल्या बायकांनी तिशीच्या आतबाहेर गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती बसली, जिल्ह्यात बायकांची पाहणी झाली, आणि ही गोष्ट काही तुरळक प्रकरणांची नाही हे सरकारी कागदावर आले. डॉक्टरांनी भीती घातली हे खरे, नफ्यासाठी शस्त्रक्रिया झाल्या हेही खरे. पण त्या बाईने होकार का दिला, या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात पूर्ण मिळत नाही, फडात मिळते. ‘पाळीची कटकट गेली’ असे तिच्या तोंडून ऐकू येते. तिला कामाची पाळी मिळाली नाही, म्हणून तिने शरीराची पाळी काढून टाकली. आठ तासांनी दुसरी जोडी येणार असती, चार दिवस दुसरी बाई उभी राहणार असती, तर ही कटकट म्हणावी इतकी मोठी झाली असती का, हे सांगा.

शहरातही हीच गत आहे, फक्त कपडे इस्त्रीचे. तुमच्या सोसायटीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक बारा तास उभा असतो. चोवीस तासांना दोन माणसे. तो ‘ड्युटी’ म्हणतो, आणि सुटायची वेळ झाली की घड्याळ पाहत नाही, रस्त्याकडे पाहतो. ‘रिलिव्हर आला नाही’ हे त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट वाक्य. मग डबल ड्युटी, म्हणजे सलग चोवीस तास. महाराष्ट्रात सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली मंडळे आहेत, आणि मंडळाच्या रक्षकाला आठ तास मिळतात. म्हणून बहुतेक सोसायट्या मंडळाचा रक्षक घेत नाहीत. सभासदांच्या वार्षिक सभेत देखभाल खर्चावर तावातावाने बोलणारे आपणच असतो, हेही जाता जाता.

हे बदलता येत नाही का? येते, आणि त्याचे एक उदाहरण पोलिसांनीच घालून दिले आहे. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे आठ तासांच्या कामाची योजना मांडली आणि मे २०१६ मध्ये त्याच ठाण्यात ती करून पाहिली गेली. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन. माणसे वाढवून मिळाली नव्हती. कोण कुठे रिकामा बसतो, कोणाचे काम दुबार होते, हे त्या शिपायाला ठाण्यातच राहून ठाऊक होते, आणि त्यातून त्याने तिसरा गट काढला. पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांतही ही पद्धत नेली गेली. बंदोबस्त लागला, सण आले की ती मोडते, हेही तितकेच खरे. पण हे कोष्टक एखाद्या आयोगाने नव्हे, एका शिपायाने मांडले होते, याचा मला आनंद वाटतो. ज्याला सोडवायला कोणी येत नाही, त्यालाच तिसरा माणूस कुठून काढायचा हे नेमके सुचते.

आता २०२५ कडे. सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली, दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा. आठवड्याचे ४८ कायम, कामगाराची संमती हवी, आणि तिमाहीत ११५ ऐवजी १४४ तास जादा काम घेता येईल. त्यानंतर २१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे मागे पडले. तिथेही आठवड्याला ४८ च.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले त्यात मला कुठेच साधा भागाकार दिसला नाही, म्हणून तो इथे करतो. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे ४८. एक जागा रात्रंदिवस चालू ठेवायला साडेतीन माणसे लागतात. पाळी आठची ठेवा की बाराची, ४८ पाळायचे म्हटले तर साडेतीनच लागतात. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस घरी, असे खरोखर कोणी दिले तर कितीतरी तरुण मुले ते हसत घेतील आणि मी त्यांना नावे ठेवणार नाही. प्रश्न जादा तासांचा आहे. तिमाहीत ११५ तास म्हणजे आठवड्याला सुमारे नऊ, एकूण ५७. १४४ म्हणजे आठवड्याला अकरा, एकूण ५९. या हिशेबाने त्या जागेला तीनहूनही कमी माणसे पुरतात. आणि ५९ हा आकडा ऐकल्यासारखा वाटत असेल तर १९२२ चा कायदा आठवा. तिथे ६० होते.

संमतीचे म्हणाल तर ज्याच्यामागे बदली उभा आहे त्याची संमती आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याची संमती, यांची किंमत सारखी नसते. कंत्राटी कामगाराला अर्जावर सही कर म्हटले की तो करतो. जादा कामाला दुप्पट दर आहे, असे सांगितले जाते. कागदावर आहे. ज्या पगारपत्रकात मूळ वेतन आणि भत्ते यांची फोड कशी केली आहे हे कामगारालाच वाचता येत नाही, तिथे कशाची दुप्पट, हा प्रश्न उरतो.

म्हणून मी तासांबरोबर माणसेही मोजायला सांगतो. कारखाना निरीक्षक आज हजेरीपुस्तकात तास तपासतात. त्याच पानावर प्रत्येक जागेसमोर किती नावे आहेत, हे मोजले तर तास खरे की खोटे, हे पाच मिनिटांत कळेल. ज्या जागेला साडेतीन नावे नाहीत, तिथे कोणीतरी लिहिल्यापेक्षा जास्त राबते आहे. ही पद्धत सुरक्षारक्षकांना लावता येईल, रुग्णालयांतल्या परिचारिकांना लावता येईल.

ऊसतोडीला कशी लावणार, असे कोणी विचारेल. टनावरच्या कामाला तास कसे, आणि कोयता मोजायचा की माणसे? माझे म्हणणे असे की सुरुवात कोयता फोडण्यापासून करावी लागेल. जोडीचे एक नाव आहे तोवर बाईचा वेगळा खाडा, वेगळी मजुरी, वेगळी रजा कशातच बसत नाही. दोन नावे, दोन हजेऱ्या, रात्री भरणीचा वेगळा दर, आणि दहा-बारा कोयत्यांच्या टोळीमागे निदान एक बदली जोडी, जिचा खर्च मुकादमाने नव्हे, कारखान्याने सोसायचा. शेवटच्या कलमाला साखर संघ कडाडून विरोध करील, हे मला माहीत आहे. तोडणी कामगारांच्या संघटनेचे काही कार्यकर्ते समोरच बसले आहेत आणि मघापासून त्यांच्यातल्या एक बाई मान हलवताहेत, होकाराची की नकाराची ते कळत नाही. ते त्यांच्याकडूनच ऐकू या. माईक त्यांच्याकडे द्या.